विसरणाऱ्यांचे डॉक्टर : अलॉइस अल्झायमर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. आजवर जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे, महर्षी कर्वे अशी किती तरी चरित्रे आपण आवडीने वाचली. यंदा चरित्र लिहिण्याचे काम अध्यक्षीणबाईंनी माझ्यावर सोपवले. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारात गुंतलेली बाई. भाषेची ऐट मला येत नाही. पण ज्यांचे नाव हल्ली घरोघरी निघते आणि ज्यांच्याविषयी फारसे कोणाला ठाऊक नाही, अशा एका परदेशी गृहस्थांची हकीकत मी गोळा केली आहे. ती साध्या शब्दांत आपणापुढे ठेवते.

कोणाचे आजोबा घरची वाट चुकले, कोणाच्या आजी नातवाचे नाव विसरल्या, की लोक अल्झायमर हा शब्द उच्चारतात. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मलाही पूर्वी ठाऊक नव्हते. माझी पुतणी परिचारिका आहे. तिने मला पुस्तके वाचून दाखवली, समजावून सांगितले, आणि मग ह्या माणसाविषयी माझ्या मनात फार आदर उत्पन्न झाला. तो का, ते पुढे वाचताना आपल्या ध्यानात येईलच.

डॉ. अलॉइस अल्झायमर ह्यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीत, बव्हेरिया प्रांतातील मार्क्टब्राइट नावाच्या लहानशा गावी झाला. हे गाव माइन नदीच्या काठी आहे. वडील सरकारी नोटरी होते, म्हणजे लोकांचे दस्तऐवज नोंदवून देण्याचे काम करीत. त्यांची पहिली पत्नी बाळंतरोगाने वारली. तेव्हा त्यांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी विवाह केला. ती अलॉइस ह्यांची आई. आपल्याकडेही पूर्वी असे विवाह होत, म्हणून हे वाचताना मला ते घर परके वाटले नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब पुढे आशाफेनबुर्ग ह्या मोठ्या गावी जाऊन राहिले. अलॉइस शास्त्र विषयांत फार हुशार होते. शाळा संपल्यावर त्यांनी वैद्यकाचा अभ्यास घेतला व बर्लिन, वुर्ट्‌सबुर्ग आणि ट्युबिंगेन येथे शिक्षण केले. स्वभावाने ते आनंदी, मित्रांत रमणारे. त्या काळी तिकडच्या विद्यार्थ्यांत तलवारबाजीचे वेड होते. त्यात त्यांच्या चेहऱ्यावर वार बसला आणि त्याचा व्रण जन्मभर राहिला. १८८७ साली त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला. त्याचा विषय ऐकून आपल्याला हसू येईल. कानात मळ तयार करणाऱ्या ज्या बारीक ग्रंथी असतात, त्यांवर तो प्रबंध होता. परंतु अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे सूक्ष्मदर्शक यंत्रातून तासन्‌तास पाहण्याची जी सवय त्यांना लागली, तीच पुढे जगाच्या उपयोगी पडली.

१८८८ साली ते फ्रँकफर्ट शहरातील सरकारी इस्पितळात नोकरीस लागले. त्या वेळी त्याला वेड्यांचे व फेपरे येणाऱ्यांचे इस्पितळ म्हणत. ते ज्यांनी उभे केले ते डॉ. हाइनरिख हॉफमान म्हणजे लहान मुलांसाठी चित्रांचे व पद्यांचे प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे लेखक. ते निवृत्त झाल्यावर डॉ. झिओली हे मुख्य झाले आणि त्यांच्या हाताखाली तरुण अल्झायमर आले.

त्या काळी वेड लागलेल्या माणसाचे काय हाल होत, ते वाचवत नाही. त्यांना बांधून ठेवीत, हात जखडणारे कपडे घालीत, कोठडीत टाकीत. डॉ. झिओली व डॉ. अल्झायमर ह्यांनी हे प्रकार शक्य तितके बंद केले. रोग्यांना मोकळ्या दालनात ठेवावे, बागेत फिरू द्यावे, कोणी फार अस्वस्थ झाल्यास कोमट पाण्यात बराच वेळ बसवावे, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याशी बोलत राहावे, अशी पद्धत त्यांनी पाडली. दिवसभर रोगी तपासायचे आणि संध्याकाळनंतर सूक्ष्मदर्शकापाशी बसायचे, असा अल्झायमर ह्यांचा क्रम होता.

ह्या कामात त्यांना डॉ. फ्रांझ निस्सल ह्यांच्यासारखा जिवलग मित्र मिळाला. निस्सल १८८९ साली तेथे आले. मेंदूचा अगदी पातळ काप घेऊन त्याला विशिष्ट रंग चढवला की त्यातील पेशी स्पष्ट दिसू लागतात, ही कृती निस्सल ह्यांनी बसवली होती. आपण पांढऱ्या कापडावर रंग चढवला म्हणजे त्यातली वीण कशी उठून दिसते, तसेच हे. मेंदूतील रक्तवाहिन्या कठीण झाल्याने मेंदू कसा खंगतो, ह्याचा अभ्यासही अल्झायमर ह्यांनी ह्याच वर्षांत केला.

१८९४ साली त्यांचा विवाह झाला. सेसिली गाइझेनहाइमर ह्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या तरुण विधवा होत्या. त्यांच्याशी अल्झायमर ह्यांनी लग्न केले. गेर्ट्रूड, हान्स आणि मारिया अशी तीन मुले झाली. सेसिलीबाई घर मोठ्या हौसेने चालवीत. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १९०१ सालच्या फेब्रुवारीत सेसिलीबाई वारल्या. तेव्हा लग्नाला सात वर्षेही पुरती झाली नव्हती आणि धाकटी मारिया अगदी तान्ही होती. अल्झायमर ह्यांची अविवाहित बहीण एलिझाबेथ धावून आली आणि तिने तिन्ही मुलांना आईच्या मायेने वाढवले. मोठमोठ्या शोधांच्या इतिहासात अशा बहिणींची नावे कोठे असतात? म्हणून मी हे नाव मुद्दाम येथे लिहिले आहे. ती घरात उभी राहिली नसती, तर पुढचे काम झाले असते की नाही, शंकाच आहे.

दुःख विसरण्यासाठी अल्झायमर ह्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. आणि त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, एक बाई त्या इस्पितळात दाखल झाल्या. त्यांचे नाव ऑगुस्टे डेटर. वय ५१. नवरा कार्ल रेल्वेच्या कचेरीत कारकून. एक मुलगी. आपल्या तुमच्यासारखाच मध्यम स्थितीतला, काटकसरीचा संसार. ऑगुस्टेबाई कामाला वाघ आणि टापटिपीच्या होत्या.

काही महिन्यांपासून त्यांच्यात बदल झाला होता. आधी त्या नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. शेजारच्या बाईशी त्याचे काही आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. मग स्वयंपाक बिघडू लागला. घरातल्या वस्तू भलत्याच ठिकाणी लपवून ठेवाव्या आणि मग त्या सापडू नयेत, असे होऊ लागले. घरभर उगाच फिरत राहाव्या. आपल्याला कोणी मारणार आहे अशी भीती वाटे. नवऱ्याने पुष्कळ दिवस सांभाळले. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने त्यांना इस्पितळात आणले.

दुसऱ्याच दिवशी डॉ. अल्झायमर त्यांच्याजवळ जाऊन बसले. प्रश्न विचारले आणि मिळालेले प्रत्येक उत्तर, अगदी बडबड वाटणारेही, जसेच्या तसे लिहून घेतले. त्यांनी नाव विचारले, तर बाईंनी स्वतःचे नाव बरोबर सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तर पुन्हा स्वतःचेच सांगितले. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या, त्या बाईंनी बरोबर ओळखल्या. थोड्या वेळाने काय काय दाखवले होते असे विचारले, तर त्यांना एकही आठवेना. कागदावर नाव लिहायला दिले, तर सुरुवातीचा श्रीमती एवढा शब्द लिहून पुढचे विसरल्या. आपले काही तरी हरवले आहे आणि ते हरवलेले म्हणजे आपण स्वतःच आहो, एवढे मात्र त्या बिचाऱ्या बाईंना मधून मधून समजत होते.

दुपारी जेवणाची वेळ झाली. ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. त्या जेवत असताना डॉक्टरांनी विचारले, काय खाता? बाईंनी पालक म्हणून सांगितले. घास तोंडात असताना काय खातो आहो हे त्यांना सांगता येत नव्हते.

भगिनींनो, ह्या जेवणाच्या प्रसंगापाशी मी पुष्कळ वेळ थांबले. माझ्या सासूबाईंना हाच आजार आहे. पाच वर्षे झाली. सकाळी दूध, दुपारी पोळी, भाजी, आमटी, भात असे पोटभर जेवून, हात धुऊन त्या ओट्यावर जाऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. कानातल्या कुड्या तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि चोरी झाली म्हणतात. ऐकणाऱ्याला खरे वाटावे इतक्या कळवळ्याने सांगतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते खरेच असते. त्या खोटे बोलत नाहीत. जेवणाची आठवण त्यांच्या मेंदूत उमटतच नाही. आणि गंमत पाहा, लहानपणी माहेरच्या जात्यावर म्हटलेल्या ओव्या आजही त्या एकदेखील शब्द न चुकता म्हणतात. जुने लिहिलेले राहते, नवे उमटत नाही, असा ह्या आजाराचा पहिल्या काळात रिवाजच आहे.

ह्यामुळे घरच्या सुनेच्या पदरी काय येते, ते आपल्यापैकी काही जणींना ठाऊक असेल. आळीत कुजबूज होते, नातेवाईक फोन करून कान टोचतात. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आजाराची ओळख नसली की सासूही बोल खाते आणि सूनही. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी एका कारकुनाच्या बायकोच्या ताटापाशी बसून हे लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्याचा अर्थ कळतो. त्यांच्याविषयी मला वाटणाऱ्या आदराचे मूळ येथे आहे.

आता पुढची हकीकत. अल्झायमर १९०२ साली फ्रँकफर्ट सोडून हायडेलबर्गला डॉ. एमिल क्रेपेलिन ह्या नामांकित मानसवैद्यांकडे गेले आणि १९०३ साली त्यांच्याबरोबर म्युनिकला आले. तेथे नवे इस्पितळ झाले, त्यातील मेंदूच्या प्रयोगशाळेचे ते मुख्य झाले. आरंभी त्यांना पगारही नव्हता. पत्नीच्या मागे राहिलेल्या पैशावर घर चाले. त्यांच्याकडे शिकायला इटलीतून, अमेरिकेतून तरुण डॉक्टर येत. त्यांत सॉलोमन फुलर नावाचे एक कृष्णवर्णी डॉक्टर होते. त्यांचे पूर्वज अमेरिकेत गुलाम होते. अल्झायमर ह्यांनी त्यांना आनंदाने शिकवले आणि पुढे फुलर ह्यांनीच ह्या आजाराची माहिती इंग्रजीतून अमेरिकेत पोहोचवली. अल्झायमर प्रत्येक शिष्याशेजारी बसून सूक्ष्मदर्शकात पाहत, समजावून सांगत, आणि हातातली सिगार तेथेच विसरून पुढच्याकडे जात. संध्याकाळी प्रत्येक मेजावर एकेक जळके थोटूक सापडे, असे सांगतात.

म्युनिकला गेले तरी ते ऑगुस्टेबाईंना विसरले नाहीत. फ्रँकफर्टहून त्यांची खबर ते घेत राहिले. बाईंची प्रकृती खालावत गेली. बोलणे थांबले, अंथरूण धरले, पाठीला जखमा झाल्या आणि ८ एप्रिल १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. झिओली ह्यांनी त्यांचे सर्व कागद व मेंदू तपासणीसाठी म्युनिकला पाठवला.

अल्झायमर ह्यांनी त्या मेंदूचे पातळ काप केले, चांदीच्या क्षारांचा रंग चढवला आणि पाहिले. मेंदू आकसून लहान झाला होता. पुष्कळ पेशी मेल्या होत्या. कित्येक पेशींच्या आत उसवलेल्या लोकरीसारखा धाग्यांचा गुंता झाला होता. आणि पेशींच्या मधल्या जागेत, पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून कीट धरते तसे बारीक बारीक थर साचले होते. म्हणजे बाईंच्या वागण्याला मेंदूत दिसणारे कारण होते. करणी नव्हती, स्वभावदोष नव्हता, नवऱ्याचा छळ नव्हता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे मानसवैद्यांची सभा भरली. तेथे अल्झायमर ह्यांनी आपला शोध वाचून दाखवला. सभेत कोणी एक प्रश्न विचारला नाही. लोकांना पुढच्या व्याख्यानाची घाई होती. आज जगभर ज्याचे नाव झाले, त्या शोधाचे स्वागत असे झाले. पुढल्या वर्षी तो लहानशा लेखाच्या रूपाने छापला गेला. १९१० साली डॉ. क्रेपेलिन ह्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ह्या आजाराला अल्झायमरचा रोग असे नाव दिले.

१९१२ साली अल्झायमर ह्यांना ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकाची मोठी जागा मिळाली. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. पण तिकडे जात असताना आगगाडीतच ते आजारी पडले. त्या दुखण्याचा परिणाम हृदयावर झाला आणि त्यातून ते पुरते बरे झालेच नाहीत. तरी तीन वर्षे त्यांनी काम केले. त्यातच पहिले महायुद्ध पेटले. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे ५१. ऑगुस्टेबाई त्यांच्या समोर प्रथम आल्या, तेव्हा त्यांचे वय नेमके हेच होते. फ्रँकफर्टच्या दफनभूमीत त्यांना पत्नीच्या शेजारी चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांच्या मागे बराच काळ ह्या आजाराकडे कोणी फारसे पाहिले नाही. तरुण वयात झाला तर तो रोग आणि म्हातारपणी झाला तर साठी बुद्धी नाठी, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. १९७६ साली डॉ. रॉबर्ट कॅट्‌झमन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी हे दोन्ही एकच आहे असे ठासून मांडले, तेव्हा जग जागे झाले. १९८४ साली त्या साचलेल्या थरांतील द्रव्याची ओळख पटली. आणि १९९५ सालच्या डिसेंबरात फ्रँकफर्टच्या इस्पितळाच्या जुन्या दप्तरात ऑगुस्टेबाईंची फाईल सापडली. डॉक्टरांच्या हातची प्रश्नोत्तरे, बाईंनी लिहायचा प्रयत्न केलेला कागद आणि त्यांचे फोटो, सारे तसेच होते. नव्वद वर्षे एका साध्या गृहिणीचे दुखणे कागदात जपून राहिले होते.

आता ह्या चरित्रातून आपण काय घ्यायचे, ते थोडक्यात लिहिते.

जगात स्मृतिभ्रंश झालेली माणसे साडेपाच कोटींहून अधिक आहेत. त्यांतील निम्म्याहून जास्त लोकांना अल्झायमर असतो आणि त्यांत बायकांची संख्या अधिक. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे साठीच्या पुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख. वाढते वय हे त्याचे सर्वांत मोठे कारण. काही घराण्यांत तो रक्तातून येण्याचा संभव अधिक असतो. ह्या दोन गोष्टी आपल्या हातच्या नाहीत.

परंतु पुष्कळ गोष्टी हातच्या आहेत. मेंदूत ते थर साचायला लागतात ते विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून. म्हणजे सत्तरीतल्या आजाराची पेरणी पन्नाशीच्या आसपास होते. आपल्या मंडळात माझ्या वयाच्या किती तरी जणी आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगते. २०२४ साली जगातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन चौदा कारणे सांगितली. ती साऱ्यांनी टाळली तर स्मृतिभ्रंशाचे शंभरांतील सुमारे पंचेचाळीस रोगी टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, वजन, तंबाखू आणि दारू ही त्यांतली आपल्या ओळखीची. बसून राहणे, डोक्याला मार लागणे, धुराची हवा, मनाची उदासी हीही आहेत. घरातली माणसे दुचाकीवर जाताना शिरस्त्राण घालतात की नाही, एवढे पाहणेसुद्धा मेंदूची काळजी घेणेच आहे.

तीन कारणे मला विशेष वाटली. पहिले ऐकू न येणे व दिसू न लागणे. म्हातारपणी असेच व्हायचे म्हणून आपण सोडून देतो. पण ऐकू आले नाही की माणूस बोलण्यातून बाजूला पडतो आणि मेंदूला खुराक मिळत नाही. कर्णयंत्र लावायला आणि मोतीबिंदू काढायला संकोच करू नये. दुसरे एकटेपणा. आपले हळदीकुंकू, भजन, भिशी, मंगळागौर ह्यांना कोणी रिकामपणचे उद्योग म्हणत असेल तर म्हणू द्यावे, त्यांतून मनुष्य माणसांत राहतो. तिसरे कमी शिक्षण. शाळा लवकर सुटली त्यांना धोका जास्त, हे वाचून मी सातवी पास बाई जरा दचकले. परंतु पुढे वाचले की मोठेपणीही डोके चालते ठेवले, नवे शिकत राहिले, तर त्याचा उपयोग होतो. मंडळाचे वाचनालय मंगळवारी व शनिवारी उघडते. तेथे पुस्तकांवरची धूळ फार झाली आहे, एवढे सांगून पुरे करते.

एवढे सारे पाळूनही आजार होणार नाही अशी हमी कोणी देत नाही. ज्यांना झाला त्यांनी काही पाप केले किंवा हयगय केली असेही नाही. ऑगुस्टेबाईंचे काय चुकले होते?

विसरण्याचेही प्रकार आहेत. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे आपणा सर्वांचे होते. पण चष्मा कशासाठी असतो हेच समजेनासे झाले, रोजचा स्वयंपाक करताना क्रम चुकू लागला, ओळखीच्या रस्त्यावर वाट सापडेना, एकच प्रश्न पुनःपुन्हा येऊ लागला, स्वभाव एकाएकी संशयी झाला, तर देवऋषाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे. पुष्कळदा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा बिघाड किंवा मनाची उदासी ह्यांनीही असेच विस्मरण होते, आणि त्यावर उपचार आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीतून त्यांतली पहिली दोन कळून येतात. म्हणून लवकर जाण्यात फायदा आहे. अल्झायमर पुरता बरा करणारे औषध आजही नाही. काही औषधांनी काही काळ आधार मिळतो. अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेले एक नवे औषध सुरुवातीच्या रोग्यांत आजाराचा वेग थोडा कमी करते, पण ते फार महाग आहे आणि त्याने मेंदूला सूज येण्याचा धोकाही असतो. तेव्हा मुख्य औषध म्हणजे माणसांची सोबत.

अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. जेवले नाही म्हटले तर जेवलात की असे दहा वेळा पटवण्यापेक्षा एक केळे किंवा चार लाह्या हातावर ठेवाव्या. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. दिनक्रम रोज तोच ठेवावा. खिशात घरचा पत्ता व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. गॅसची चावी, औषधे व विळी आवाक्याबाहेर ठेवावी. आणि त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नये. सांगितलेले ते विसरतील, पण कोणी हिणवले म्हणून मनाला जे लागते ते बराच वेळ राहते.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. आपण वर्धापनदिनाला सत्कार व खेळ ठेवतो. त्याबरोबर यंदा रक्तदाब, साखर व कान ह्यांच्या तपासणीचे शिबिर ठेवावे. दुसरी सूचना अशी की, आपल्या आळीत ज्या ज्या घरी विसरणारे माणूस आहे, तेथे आठवड्यातून एक दुपार मंडळाच्या दोघीजणींनी पाळीपाळीने जाऊन बसावे. जुन्या गोष्टी विचाराव्या, ओव्या म्हणून घ्याव्या, पालेभाजी निवडायला जवळ घ्यावी. तेवढ्या वेळात त्या घरच्या बाईला बँकेत जाता येईल, दवाखान्यात जाता येईल, नाही तर निवांत दोन तास झोप तरी घेता येईल. ज्या घरांत जायचे त्यांची यादी करण्याचे काम मी अंगावर घेते. ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी मंडळाच्या कचेरीत नाव द्यावे.

डॉ. अल्झायमर ह्यांच्याजवळ ऑगुस्टेबाईंना द्यायला औषध नव्हते. ते जवळ बसले, त्यांनी विचारले आणि ऐकून घेतले. तेवढे आपल्यालाही करता येण्यासारखे आहे. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो आणि त्याच्या हातून अशी अनेक कामे होवोत, अशी प्रार्थना करून मी हा लेख पुरा करते.

– मंडळाची एक सभासद